धामणगावच्या नाम्याची दुरुस्ती

चूक माझी होती, म्हणून प्रवास घडला. पाकिस्तानाशी झालेल्या लढाईत धामणगाव बढ्याचा नामदेव नावाचा तरुण शिपाई पडला. तिथल्या हेडमास्तरांच्या पत्रावरून, अकोल्यातली खुर्ची न सोडता, मी आमच्या वर्तमानपत्रात त्याच्यावर लेख लिहिला: मितभाषी, मातृपितृभक्त, विद्याव्यासंगी. संस्कृत पाठशाळेत शिकलेल्या माणसाला सामासिक विशेषणांची कधी टंचाई नसते. पंधरा दिवसांनी त्याच्या आईनं कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं पोस्टकार्ड आलं. 'पेपरातला पोरगा माहा नाही. येऊन जा.'

लेख वाचून बाईला आशा तर वाटली नसेल, की गेला तो दुसराच कोणी? तसं असेल तर ती आशा मोडायला मलाच जायचं होतं.

जाणाऱ्यांनी सकाळच्या पॅसेंजरनं मलकापूर गाठावं आणि स्टँडवरच पोटभर खाऊन घ्यावं. मोताळ्यापुढचा रस्ता एसटीपेक्षा बैलगाडीला जास्त मानवतो. खिडकीशी बसलात तर धूळ, मधे बसलात तर शेजाऱ्याचं मिरच्यांचं पोतं. मी मधे बसलो आणि शिंकत गेलो.

"काऊन हो भाऊ," कंडक्टर म्हणाला, "आमची हवा सोसून नाही राह्यली काय?"

नामदेवची आई गिरजाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. नाव सांगताच तिनं मला टोपीपासून वहाणांपर्यंत पाहिलं.

"तुमीच काय ते? बसा. मितभाषी म्हंजे काय?"

"कमी बोलणारा."

"नाम्या तं झोपीतबी बोले!"

धीर करून विचारलं, "मावशी, तुम्हांला असं तर वाटलं नाही ना, की गेला तो दुसरा कोणी..."

"नाही जी. त्याची सामानाची पेटी आली, कपडे वळखले मी. गेला तो माहाच. पण आता सारं गाव तुमच्या पेपरातलाच पोरगा सांगून राह्यलं. माहा कोणाले आठवूनच नाही राह्यला. एकडाव गेला तेवढा पुरे झाला, भाऊ."

मी एवढा मोठा श्वास सोडला, की तिनं मला पाणी आणून दिलं.

मग टोपली बाजूला सारून ती मला गाव दाखवायला निघाली. आधी विहीर. शाळेत गॅदरिंगच्या दिवशी मास्तरांचं वाळत घातलेलं धोतर नेसून नाम्यानं काठावरून इथे उडी मारली होती. पुढे शाळा, जिथे तो सातवीत दोनदा राहिला. हेडमास्तर ओशाळून बाहेर आले.

"गेलेल्या पोराबद्दल चांगलंच लिहा लागते ना, साहेब." मग स्वतःच हसायला लागले. "माझी नक्कल मात्र अशी करे, की पोरं माझ्यापेक्षा त्यालेच जास्त भीत."

माणसं जमली. एकानं सांगितलं, गावातल्या एका लग्नात नाम्यानं अकरा पुरणपोळ्या खाल्ल्या. मागून कोणी ओरडलं, "अकरा नाही बे, तेरा! मीच वाढत होतो."

दुपारी गिरजाबाईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत वाढलं. भरीत इतकं तिखट, की मिरचीच्या पोत्याची माफी मागावीशी वाटली. "नाम्या असता तं तुमच्यासाठी उरलंच नसतं," ती म्हणाली, आणि आणखी एक भाकर टाकली.

परतल्यावर संपादकांनी चष्मा काढला. "हुतात्मा नापास छापायचा?"

"दोनदा," मी म्हणालो. शेवटी छापलं, एकाही समासाविना.

घरी बायकोनं पहिला लेख वाचून 'भाषा छान आहे' म्हटलं होतं. या वेळी धोतरापाशी ती खळखळून हसली, पोळ्यांपर्यंत हसत राहिली. मग अंक मिटून मांडीवर ठेवला.

"किती वर्षांचा होता हो?" तिनं विचारलं. वय पहिल्या लेखातही दिलेलं होतं; तेव्हा तिनं ते नुसतं वाचलं होतं.