तांबीची बाजू

इतकी वर्षं मी हे सांगायचं टाळलं. कुणी त्या वहिनींचा विषय काढला की त्यांच्या बोलण्याचे किस्से सांगायचो आणि तिथंच थांबायचो.

तेरजवळच्या एका गावात मी आरोग्य सेवक होतो. मूल राहू नये म्हणून बायकांना तांबी बसवून घ्यायला तयार करणं माझं काम, बसवायची नर्सबाई. सकाळी बायका किटल्या घेऊन दूध सोसायटीत जमत, तिथंच मी बोलायचो. "तांबीनं कॅन्सर होतो म्हणं," कुणीतरी हटकून म्हणायची. मग या वहिनी कमरेवर हात ठेवून पुढं येत. "माझ्याकडं बघा की. मी मेले का?"

"तू मेलीस तर सोसायटीला दूध तरी घट्ट मिळंल," एखादी टोमणा मारी. सर्वांत मोठ्यानं त्याच हसत.

त्यांना चार मुली. सासूला नातू हवा होता. "देव पाण्यात घातलेत तिनं," वहिनी म्हणायच्या. "आमाला प्यायला न्हाय, अन् देवाला बुडायला पाणी."

तेव्हा दुष्काळ होता. त्याच दिवसांत वहिनी दुधाच्या रांगेत सगळ्यांच्या मागं, लांब उभ्या राहू लागल्या. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, मधीच अंगावरून जातंय. वास बी येतो. कापडं धुवायला पाणी न्हाय." मग हळूच, "या बाया म्हणत्यात तसं तर न्हाय ना?"

"तांबीनं कॅन्सर होत नाही, वहिनी. सुरुवातीला जातं थोडं अंगावरून."

"सुरुवातीला व्हय? धाकटीच्या वक्ताला बसवली, ती पळाया लागली की."

"मग काढायची का? सासूबाईंना तेच हवंय."

त्या किटली उचलून रांगेत परत गेल्या. घरी सांगावं तर तांबी काढून पुन्हा बाळंतपण. मला सांगावं तर हे उत्तर. तिसरं दार नव्हतंच.

मी खोटं बोललो नव्हतो. तांबीनं कॅन्सर होत नाही. पण तांबी बसवलेल्या बाईला तो होतच नाही, असं कुठं होतं? त्यांनी स्वतःबद्दल विचारलं आणि मी तांबीची बाजू घेतली. नर्सबाईकडून तपासून घ्या, एवढंही म्हणालो नाही. तांबीनं त्रास होतो, असा गावात बोभाटा झाला असता.

वहिनींना सोलापूरला नेलं तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पसरला होता. तांबीचा यात दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते कळलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं.

भेटायला गेलो, तर त्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. माझा आवाज ऐकून वळल्या.

"भाऊ, बायांना सांगा, तांबीनं न्हाय झालं हे. न्हायतर भिऊन सगळ्या काढून घेतील."

वहिनी, तुम्ही विचारलंत त्याच दिवशी मी तुम्हाला तपासायला पाठवायला हवं होतं, माझं चुकलं. हे वाक्य मी घरून पाठ करून गेलो होतो.

तोंडातून निघालं ते, "सांगतो."