निरगुडीचा काढा

कुंपणाची निरगुडी छाटताना तो उग्र वास हाताला लागला आणि मी थेट पन्नासच्या दशकातल्या आलापल्लीत, सासूबाईंच्या चुलीपुढे जाऊन बसले. तेव्हा महिनेच्या महिने माझी पाळी यायची नाही, दिवसही जात नव्हते, आणि पाहुण्यांत दुसरी सून आणायची कुजबुज सुरू झाली होती. शेजारच्या गोंड बाईनं निरगुडीचा पाला आणून दिला. सासूबाईंनी काढा उकळला, पण आधी स्वतःच प्यायल्या. म्हणाल्या, "मले काई झालं तं चालते, पोरी, तुले नोको." दुसऱ्या दिवशी त्या ठणठणीत उठल्या, तेव्हा कुठं माझी पाळी आली काढा प्यायची. मग रोज तो कडू घोट घ्यायचा आणि वाट पाहायची. एका सकाळी मी परसातूनच ओरडले, "बाई, कावळा शिवला!" एरवी अशा दिवसांत मला चार हात लांब बसवणाऱ्या सासूबाई हातातलं सूप टाकून धावत आल्या आणि मला कडकडून मिठी मारली. लगेच, "अवो माय, इटाळ झाला!" म्हणत, हसत हसत विहिरीवर पळाल्या. पाल्याचा गुण आला की आपसूकच झालं, मला आजही सांगता येणार नाही; पण डोक्यावरून न्हाऊन, ओल्या लुगड्यानं त्या परत आल्या आणि त्यांनी मला पुन्हा मिठी मारली.