खाऱ्या पाण्याचं अग्निशमन दल

सुलेमानभाईंची बावीस वर्षं जहाजाच्या बॉयलरपुढं गेली. ते आगीला घाबरत नसत, आणि साहेबलोकांना तर अजिबात नाही.

खांदेश्वरच्या पलीकडं त्यांचं गाव. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात शेजारच्या गंगारामचं घर पेटलं तेव्हा शहरातला बंब गल्लीच्या तोंडाशीच अडकला. ड्रायव्हर हॉर्न मारत बसला आणि इकडं घराची राख झाली. सुलेमानभाईंचं डोकंच फिरलं. "आता आपलंच दल काढायचं!" जुना डिझेल पंप आणला, वही उघडून बसले. नावं आली किती? दोन. गंगाराम आणि सुलेमानभाईंची बायको रहिमा.

बाकी गाव खो खो हसलं. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाचा कारभार बघणारा विलास म्हणाला, "मे महिन्यात तळं कोरडं. पंप काय हवा ओढनार?"

"खाडी हाय ना!"

झालं, गाव खवळलं. खारं पाणी आत शिरलं की भातजमीन तीन-चार वर्षं मेलीच. "उघाडीच्या फळीला हात लावलास तर तंगडी तोडीन," विलासनं बजावलं. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, फळी टाकून बंद केलेलं.

पुढच्याच मे महिन्यात, भरदुपारी, पेटला तो नेमका विलासचा पेंढा! आग घराच्या वाशांना भिडली. पाइप काही खाडीपर्यंत पुरेना. भरती होती. सुलेमानभाई बांधाकडं धावले, तर विलास आडवा.

"सगल्यांची जमीन जाईल!"

"कुनाची नाय जात. उघाडीला लागून माझा तुकडा हाय. त्याच्या चारी बाजूंची वरंबी मी हिवाळ्यातच उंच केलीय. बुडंल ते माझं. हो बाजूला!"

सरकारनं जमिनी घेतल्यावर उरलेला तेवढाच तुकडा. वर्षाचा तांदूळ त्यातूनच यायचा. रहिमाचे डोळे भरले, तरी ती ओरडली, "बघत काय बसलाव? काढा ती फळी!"

पाणी धो धो आत आलं, शेतातून पंपात गेलं. विलासचं घर वाचलं. सुलेमानभाईंचं शेत मात्र मिठानं पांढरं पडलं.

आठवड्यानं खारभूमी खात्याचे साहेब आले. विनापरवाना उघाडी उघडली म्हणे. "पुन्हा करणार नाही, असं लिहून द्या."

सुलेमानभाईंनी पेन घेतलं, लिहिलं, 'पुन्हा आग लागली तर पुन्हा फळी काढू.' खाली दलातल्या तिघांनी सह्या केल्या. साहेब लाल झाले.

मागून विलास पुढं आला. त्यानं पेन ओढून घेतलं.

"साहेब, याचं शेत तर मेलं. पुढल्या वेळी पानी माझ्या शेतात घ्यायचं, तेपन लिवतो."