खूण आहे, हलवू नये

उंदरांविषयी इतकं जाणणारा आणि माणसांशी इतकं कमी जमणारा गृहस्थ अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो निदान माझा साडू तरी नसेल. हे आहेत. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांच्या वाट्याला थोरली आली, माझ्या वाट्याला धाकटी आणि हे. नावामागे डॉक्टर लागतं, त्यामुळे लग्नकार्यात कुणी ना कुणी गुडघा चोळत त्यांच्या शेजारी येऊन बसतो. साडू शांतपणे सांगतात, "मी उंदरांवर काम करतो. तेही त्यांना बरं करायचं नाही." गुडघा उठून जातो. त्यातूनही एखादा चिवट निघाला आणि "म्हणजे नक्की काय करता?" असं विचारून बसला, तर साडू त्याच्याच पानातल्या मसालेभातातला काजू उचलतात. "असा वाकडा एक भाग मेंदूत दोन्ही बाजूंना असतो. हिप्पोकॅम्पस म्हणतात. काल काय झालं आणि घर कुठल्या बाजूला आहे, हे दोन्ही इथे." एवढं सांगून झालं की काजू स्वतःच खाऊन टाकतात. त्यानंतर आजवर कुणी दुसरा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

मी मात्र घरचाच असल्यामुळे मला सुटका नव्हती. मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींशी बोलतात ती जागा, म्हणजे त्यांच्यातला सांधा, वापराने घट्ट होतो आणि न वापरल्याने सैल पडतो, हा त्यांच्या जन्मभराच्या अभ्यासाचा विषय. मला तो कळेना तेव्हा ते म्हणाले, "अहो साडूभाऊ, सोपं आहे. समोरच्या बिऱ्हाडाशी जाता-येता रोज दोन शब्द बोललं की अडीअडचणीला वाटीभर साखर मागता येते. बोलणं थांबलं की पुढे बेल वाजवली तरी दार उघडत नाहीत. मेंदूत हेच चालतं. फक्त तिथे पुणेकर कमी असल्यामुळे दारं लवकर उघडतात." एकदा त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं. उंदराच्या मेंदूची कागदासारखी पातळ चकती कोमट खारट पाण्यात जिवंत ठेवलेली, तिच्यात केसाहून बारीक तार, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला चक्क एक स्पीकर. त्यातून तडतड ऐकू येत होती. आधी एखाददुसरी, मग एकदम पुष्कळ, अगदी तापल्या तेलात मोहरी फुटावी तशी. साडू डोळे मिटून, एक हात वर धरून ऐकत होते आणि मधूनच मान हलवत होते. मैफलीतल्या पहिल्या रांगेतल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते मी त्यांच्या तोंडावर तिथे पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून घरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, फोडणी करायला लागल्या की हे स्वयंपाकघराच्या दारात का येऊन उभे राहतात तेही मला कळलं. "ऐक, ऐक, सगळ्या एकदम बोलल्या!" असं म्हणून त्यांनी ताईंना एकदा थांबवलं होतं. त्या दिवशी आम्ही करपलेली आमटी खाल्ली.

गणपतीत नैवेद्याचा पहिला मोदक ते पायाशी बसलेल्या उंदराला दाखवतात, "सहकारी आहे" म्हणतात. पण खरा ताप म्हणजे त्यांच्या घरात वस्तू हलवायची सोय नाही. प्रयोगासाठी उंदीर ज्या पेटीत सोडतात तिच्या भिंतीवरचा पांढरा पुठ्ठा जरासा फिरवला तरी उंदराच्या डोक्यातला सगळा नकाशा तेवढाच फिरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत ताईंनी कपाट दुसऱ्या भिंतीला लावायचं नुसतं मनात आणलं तरी हे कपाटाला पाठ लावून उभे राहत. "घरातल्यांचे नकाशे बिघडतील." ताई म्हणत, "बिघडू देत. धूळ तर निघेल."

तर अशा या माणसाच्या घरी आमच्या सासूबाई राहायला आल्या. शनिवार पेठेतली त्यांची दोन खोल्यांची जागा रिडेव्हलपमेंटला गेली आणि ताईंनी त्यांना धायरीला नेलं. सासूबाई म्हणजे अंगाने बारीक, जिभेला धार, आणि सकाळी पायात चपला सरकवून एकट्या मारुतीला जाऊन आल्याशिवाय चहाला हात न लावणाऱ्या. पेठेत त्या डोळे मिटून चालल्या असत्या. धायरीत खाली उतरल्या तर जिकडेतिकडे सारख्याच इमारती, सारखीच फाटकं, सारखेच वॉचमन. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मारुतीहून निघाल्या त्या थेट सिंहगड रस्त्याच्या बसथांब्यावर सापडल्या. ताई घाबरल्या आणि त्यांनी ठरवून टाकलं, की आता आईने एकटीने खाली उतरायचं नाही. सासूबाई रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, "बरं. जावयाकडे पिंजरे आहेतच, त्यात आणखी एक."

हे वाक्य साडूंना लागलं. कपाट सोडलं तर बायकोच्या शब्दाबाहेर कधीही न गेलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "आई, चला. वाट शिकू."

पुढची शिकवणी मी काही रविवारी प्रत्यक्ष पाहिली आहे. रोज तीच वेळ, तीच वाट. प्रत्येक वळणावर थांबायचं, चहूकडे बघायचं, वाससुद्धा घ्यायचा. इथे पीठगिरणी, तिचा वास येतो, ही पक्की खूण. तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक, तो धरायचा नाही, कारण नेता दर आठवड्याला बदलतो. आणि वळण बरोबर घेतलं की साडू खिशातून खडीसाखरेचा खडा काढून सासूबाईंच्या हातावर ठेवत. सासूबाईंनी एकदा विचारलं, "जावईबापू, मी तुमची सासू आहे का उंदीर?" साडूंनी प्रश्न गंभीरपणे घेतला. "आई, उंदीर जरा लवकर शिकतो." सासूबाई तिथल्या तिथे परत फिरल्या. गंमत म्हणजे फिरताना त्यांनी वळण बरोबर घेतलं होतं, तेव्हा साडू खडीसाखर घेऊन त्यांच्या मागे धावले. घरी आल्यावर त्यांना जरा आडवं व्हायला लावत, कारण शिकलेलं झोपेत पक्कं होतं. ही शिस्त मात्र सासूबाईंनी कुरकुर न करता पाळली.

आणि वाट खरंच पक्की झाली. सासूबाई पुढे चालू लागल्या, साडू मागे. शेवटी एका रविवारी त्यांनी एकट्याने जाऊन यायचं ठरलं. ताई गॅलरीत उभ्या होत्या, कठडा घट्ट धरून. मी आणि बायको मुद्दाम गेलो होतो. साडू तेवढे नव्हते. "प्रयोग करणाऱ्याने समोर असू नये, निकालावर परिणाम होतो," असं म्हणून ते सकाळीच स्कूटर काढून प्रयोगशाळेत निघून गेले होते. ही स्कूटर म्हणजे एक जुनाट, पोपटी रंगाचं धूड. इमारतीच्या तळघरातून वर चढताना ती हटकून बंद पडायची, म्हणून साडू ती कायम गल्लीच्या तोंडाशी, गुलमोहराखाली लावत.

सासूबाई वेळेवर गेल्या. यायची वेळ झाली, टळली, आणि ताईंचा चेहरा पांढरा पडला. मी खाली धावलो. पुष्कळ पुढच्या एका गल्लीपाशी त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर मुठीत आवळून. मला पाहून आधी त्यांना हायसं वाटलं आणि लगेच त्या चिडल्या. "मारुती दिसला. गिरणी दिसली. जावयाची स्कूटर दिसेना. म्हटलं, आपली गल्ली अजून यायची आहे. चालत राहिले."

साडूंना फोन केला तसे ते आले. सगळं ऐकलं आणि गुलमोहराखाली, जिथे रोज स्कूटर असते तिथे, कट्ट्यावर मटकन बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना. "त्या चुकल्या नाहीत हो," ते म्हणाले. "त्यांनी बरोबर शिकलं होतं. खूणच मी उचलून नेली." वर आल्यावर ताई म्हणाल्या, "झाले प्रयोग? आता आईने बाहेर जायचं नाही." सासूबाई खाली बघत होत्या. साडू आयुष्यात पहिल्यांदा ताईंना ठामपणे म्हणाले, "आई जातील. स्कूटर जाणार नाही."

आणि ती गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून साडू प्रयोगशाळेत बसने जाऊ लागले, स्वारगेटला उतरून, दुसरी बस धरून, घामाघूम होऊन. स्कूटर गुलमोहराखाली ऊनपाऊस खात उभी राहिली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिच्यावर पुठ्ठा लावला, "हे वाहन भंगार आहे की स्मारक, मालकाने कळवावे." साडूंनी त्याच पुठ्ठ्यावर खाली लिहिलं, "खूण आहे. हलवू नये." सासूबाई रोज मारुतीला जात, येत, स्कूटरच्या सीटवर हात टेकून क्षणभर दम खात आणि वळत. अगदी शेवटपर्यंत गेल्या. पुन्हा कधी चुकल्या नाहीत.

गेल्या थंडीत त्या गेल्या, झोपेतच.

परवा मी धायरीला गेलो तर साडू बसथांब्यावर भेटले. बरोबर चालत आलो. मधल्या काळात आणखी इमारती झाल्या आहेत, गिरणीच्या जागी मोबाईलचं दुकान आलं आहे, मला एकट्याला ती गल्ली सापडली असती की नाही कोण जाणे. पोपटी स्कूटर तिथेच होती, चाकं जमिनीला टेकलेली, सीटवर गुलमोहराची पानं. मी म्हणालो, "आता तरी काढा हो. कुणाला लागते?"

"मला लागते," साडू म्हणाले. "इथे आलो की त्या वळताना दिसतात. रोज दिसतात. हे थांबलं, तर हळूहळू दिसायच्या बंद होतील. पेशींचं मला ठाऊक आहे हो, त्यांना फार दिवस आठवण ठेवायची सवय नसते." आणि रुमालाने त्यांनी सीट पुसली, नेमकी सासूबाई हात टेकत तेवढीच जागा.

मला सासूबाईंची एकदम फार आठवण आली. मी गल्लीत वळलो. मागून साडू आले, खिशात हात घालून काहीतरी चाचपलं आणि माझ्या हातावर खडीसाखरेचा एक खडा ठेवला.