ह्येरानच्या घरात कोण जेवत होतं

कोरियातल्या देगू शहरात, आमच्या गल्लीत माझं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. ह्येरान त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहायची. वय अडतीस. पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीत ती तक्रारींचे फोन घ्यायची. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि प्रत्येकाला गोड आवाजात उत्तर द्यायचं, असं ते काम. पूर्वी घरी जाताना माझ्याकडून काही ना काही न्यायची. मग तेही थांबलं.

"काय गं, माझ्या हातचं कडू लागायला लागलं का?" मी एकदा टोमणा मारला.

"काय घ्यायचं तेच ठरवता येत नाही, मावशी. डोकं चालत नाही."

डिसेंबरातल्या एका रविवारी ती खाली आली, स्टूल ओढून बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, माझ्या घरात कुणीतरी येऊन जेवून जातं."

तिच्या आईनं पाठवलेली किमचीची, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीची बरणी हिवाळाभर पुरायची, ती आठ दिवसांत तळाला गेली होती. कुकरमधला भात रोज संपायचा. सिंकमध्ये अंड्यांची टरफलं पडलेली असायची. दाराच्या आकड्यांच्या कुलपाचा नंबर तिनं तीनदा बदलला होता.

"आणि मी रोज उपाशी झोपते," ती म्हणाली.

तिचे गाल मात्र भरले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला जिन्यावर तिची पावलं वाजली. थोड्या वेळानं मी वाडगाभर टोफू घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. ह्येरान फ्रिजसमोर उभी होती. पायात बूट, खांद्याला पर्स. हातानं कुकरमधल्या थंड भाताचे गोळे तोंडात कोंबत होती आणि दोन घासांच्या मधे बोलत होती.

"हो साहेब. चूक आमचीच आहे, साहेब."

मी हाक मारली. तिनं वळून पाहिलं. डोळे उघडे होते, पण मी त्यांत नव्हते.

"आपला पार्सल क्रमांक सांगता का?" तिनं विचारलं.

वाडगा खाली ठेवून मी तिचं मनगट धरलं आणि तिला जमिनीवर बसवलं. बऱ्याच वेळानं तिच्या पापण्या हलल्या.

"मावशी? तुम्ही कधी आलात?" मग तिची नजर रिकाम्या कुकरकडे गेली. "बघा. आजही कुणीतरी खाऊन गेलं."

मी तिचाच हात तिच्या तोंडासमोर धरला. बोटांना शितं चिकटली होती, बाहीला किमचीचं लाल पाणी लागलं होतं. तिनं बोटं हुंगली. रडली नाही. नुसती भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत राहिली, जणू मीच तिला कुणा परक्या बाईची ओळख करून दिली होती.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन महिने रजा घ्यायला लावली. डोकं इतकं शिणलंय की खाल्लेलं त्याच्या लक्षातच येत नाही, असं ते म्हणाले. ती माझ्या दुकानात जेवू लागली. प्रत्येक घासाआधी मी विचारायची, "हे काय आहे?" ती सांगायची, "मुळा." "पालक." मगच गिळायची. वसंतात तिनं नोकरी सोडली. आता ती एका रोपवाटिकेत काम करते. तिथं दिवसभर कुणी फारसं बोलत नाही.

बरी आहे ती. फक्त एखाद्या संध्याकाळी दुकानाच्या दारात थांबते आणि विचारते, "मावशी, मी जेवले का?"

मी सांगेन ते तिला खरं वाटतं.