मामांचा चिमटा

"वायच थांबा, अजून जागा हाय."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. डॉक्टर सुरी घेऊन उभे, मी कापूस घेऊन उभा, आणि मामा आपले टेबलावरच्या पांढऱ्या उंदराचं मागचं पाऊल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाबताहेत. पाऊल जरा जरी आखडलं, की उंदीर परत ईथरच्या बरणीत. पाऊल ढिलं पडलं, की मामा मान हलवायचे. त्याआधी सुरी लावायची डॉक्टरांचीसुद्धा छाती नव्हती.

तीस सालच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीत आमच्या डॉक्टरांनी विंचवाच्या विषावर औषध शोधायचं मनावर घेतलं होतं. विंचू डसून आमच्याकडे पोरं जायची, तेव्हा काम मोलाचं होतं, यात वाद नाही. उंदराच्या मानेची शीर उघडून तीत आधी विष, मग औषध सोडायचं आणि टाके घालायचे. दवाखान्यामागच्या खोलीत मुंबईहून बोटीनं आलेले उंदीर, मी मदतनीस आणि मामा शिपाई. मामा मांडवीचे. तरुणपणी माडावर चढायचे. गुडघे गेले तेव्हा इकडे लागले. उंदरांना भूल द्यायचं काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनीच ते घेतलं.

बरणी साधी काचेची, तळाला ईथरचा बोळा. त्यावर मामांनी बांबूच्या कामट्यांची जाळी विणून बसवली होती. "बोळ्याचा चटका बसतो पायांना," म्हणाले. मला हसू आलं. ज्याच्या मानेवर सुरी चालवायची त्याच्या पायांची कसली काळजी? तसं मी बोललोही. मामा शांतपणे म्हणाले, "भाऊ, सुरीचा काम तुमचा. ह्या माजा."

तुम्ही त्यांना नंतर बघायला हवं होतंत. टाके घातलेला उंदीर ते भाताच्या तुसात उबेला ठेवायचे, डॉक्टरांच्या मागं लागून पाण्यात अफूच्या अर्काचा थेंब टाकून घ्यायचे आणि समोर स्टूल मांडून बसायचे. उंदीर पाठीची कमान करून, केस फुलवून बसला असला की मामांचं जेवण लांबलं. त्यानं पुढच्या पायांनी तोंड धुवायला घेतलं की मगच उठायचे.

"तोंड धुतलान. आता दुकत नाय त्याला."

त्या दिवशी डॉक्टर घाईत होते. मामा पाणी तापवायला गेले. जाताना मला म्हणाले, "भाऊ, वायच चिमटून बगा." मी बघितलं नाही. उंदीर आडवा पडला होता, आणि उंदरापुढे एवढे सोपस्कार कशाला, असं मला वाटायचं. "झोपला," मी सांगून टाकलं. मामा आले, माझ्या शब्दावर त्यांनी उंदीर धरला, डॉक्टरांनी सुरी लावली, आणि उंदीर किंचाळला. मान वळवून मामांच्या अंगठ्याला कडकडून चावला. मामांनी त्याला टाकला नाही. आधी बरणीत ठेवला, मग आपलं रक्त पुसलं.

"भाऊ, चिमटलात नाय?"

"चिमटलं होतं," मी म्हटलं. ते धडधडीत खोटं होतं, आणि मामांनी ते खरं मानलं.

अंगठा सुजला, मग काळा पडला. काढला नाही तर हात जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी कुरकूर केली नाही. फक्त मला जवळ बोलावलं. "तुमी माज्या पायापाशी उबे ऱ्हावा. चिमटून बगा. पाय हालला तर सांगा त्यांना, वायच थांबा म्हणून."

"येतो मामा. शब्द दिला."

मी दारापर्यंत गेलो. मामा आडवे झाले होते आणि मान वळवून दाराकडे बघत होते. क्लोरोफॉर्मचा वास आला आणि मी मागं फिरलो. खोलीत जाऊन धुतलेले पिंजरे पुन्हा धुवत बसलो. भित्रा म्हणा मला, मी रागावणार नाही.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. मामा खाटेवर पाठ वाकवून बसले होते. शेजारी तांब्या आणि पंचा तसाच पडला होता. तोंड धुतलेलं नव्हतं.

"मामा, कापताना जाग होती का?"

"वायच होती," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बरा झाला आलात नाय. तुमाला बगवला नसता."

शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. मी पंचा भिजवून त्यांचं तोंड पुसलं. चिमटलं नव्हतं, हे मात्र तेव्हाही सांगितलं नाही. फार लाज वाटत होती.

मामा शेवटचे भेटले ते महिन्याभरानं. सहज म्हणून खोलीवर आले. टेबलावर उंदीर होता. सवयीनं त्यांनी हात पुढं केला, पाऊल तर्जनीवर घेतलं आणि तसेच थांबले. दाबायला अंगठा नव्हता.

"भाऊ, तुमी बगा."

मी चिमटा घेतला. पाऊल आखडलं.

"वायच थांबा," मी डॉक्टरांना म्हटलं, "अजून जागा हाय."

मामांनी समाधानानं मान हलवली, पायऱ्या उतरले आणि मांडवीच्या वाटेला लागले. हाक मारून खरं सांगावं, असं फार वाटलं. पण माझ्या हाताखाली उंदीर होता, आणि तो अजून झोपला नव्हता.