कशिद्याच्या कव्हरातला सर्व्हर

शेजारच्या वच्छलाकाकूंकडे मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा कोपऱ्यात लाल-निळे दिवे पेटले होते आणि असा घरघराट चालला होता, की चिकलठाणा विमानतळावरचं विमान बैठकीत उतरलं समजून मी दारातच खाली बसलो.

"उठा हो," काकू म्हणाल्या, "शिवमचा गेमचा कॉम्प्युटर हाय."

शिवम त्यांचा मुलगा. बायको-पोरासह पुण्याला जाताना "आई, भंगारात दे" म्हणाला होता. तेवढ्यात काकूंच्या मोबाइलनं कळवलं, की फोटोंची जागा संपली, आता दरमहा पैसे भरा.

"नातू माझा, फोटो माझे, अन् भाडं त्यांना? नाय भरत!"

मग व्हिडिओ बघत बघत त्यांनी त्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स चढवलं, सगळे फोटो त्यात ठेवले आणि घरचाच सर्व्हर केला. वर मिक्सरला घालतात तसं कशिद्याचं कव्हर घातलं. मशीन तापून बंद पडलं.

"आई, कव्हर काढ!" शिवम फोनवर हसला.

काकूंनी कात्री घेतली आणि कव्हरलाच कॉम्प्युटरच्या पंख्याएवढी खिडकी पाडली. "माझ्या घरात उघडंबोडकं काय बी राहत नाय."

सर्व्हर आजही चालू आहे. त्यातले फोटो पुण्याहूनही दिसतात, पण शिवमनं एकही उघडलेला नाही.